चाळीस दिवस आणि टाक्यांची जखम



आपल्या घरांत बाळंतपणाची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न असतो, "नॉर्मल की सिझर?" सिझर म्हटले की समोरची बाई "अरे अल्लाह!" म्हणते आणि पुढचा प्रश्न बाळाचा विचारते. मुलगा की मुलगी, वजन किती, रंग कुणावर गेला. त्या जखमेचे काय, हे सहसा कुणी विचारत नाही. म्हणून या महिन्यात आम्ही त्या जखमेबद्दलच लिहायचे ठरवले.

हा विषय आता थोड्या घरांचा राहिलेला नाही. 2019-21 च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात 25.4 टक्के जन्म सिझरने झाले, म्हणजे चारांतला एक. आपल्या जालना जिल्ह्यातही भोकरदन, परतूर, मंठा, अंबड, कोणत्याही गावी जा, गल्लीत दोन-चार सिझर झालेल्या सुना सापडतील. पण आपल्या घरांतले बाळंतिणीचे सगळे नियम आज्जी-नानीच्या काळातले, नॉर्मल बाळंतपणासाठी बनलेले आहेत. त्यांतले काही आजही सोन्यासारखे आहेत. काही मात्र टाक्यांच्या जखमेला सरळ नुकसान करतात.

आम्ही डॉक्टर नाही, शाळेत शिकवतो. पण पालकसभेला आलेल्या आया सभा संपल्यावर बाजूला घेऊन जे विचारतात, त्यातून आणि डॉक्टर-सिस्टरांना विचारून जे समजले ते इथे मांडतो आहोत.

वरून एक रेघ, आत अनेक थर

सिझरचा काप बहुधा ओटीपोटावर आडवा, वीतभरापेक्षा थोडा कमी असतो. वरून एक रेघ दिसते. पण डॉक्टरांना बाळापर्यंत पोचण्यासाठी कातडी, चरबी, स्नायूंवरचे मजबूत आवरण, पोटाच्या आतले अस्तर आणि शेवटी गर्भपिशवी एवढे थर उघडावे लागतात आणि पुन्हा शिवावे लागतात. वरची कातडी साधारण दोन आठवड्यांत जुळून येते. आतले थर भरायला दीड महिना आणि कधी त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून "टाके काढले, आता बरी झाली" हे अर्धेच खरे आहे. टाके काढले तेव्हा वरचे दार बंद झालेले असते, आतले काम चालूच असते.

काही टाके आपोआप विरघळतात, काही काढावे लागतात. आपले कोणते, ते कधी काढायचे आणि पट्टी कधी उघडायची, हे सुटी होण्याआधी विचारून डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या. तो कागद बाळाच्या लसीच्या कार्डासोबत एकाच पिशवीत ठेवा.

रोज कुणीतरी जखम पाहिली पाहिजे

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

ही जखम अशा ठिकाणी असते की बाळंतिणीला स्वतःला ती नीट दिसत नाही. पोट अजून उतरलेले नसते, घडीखाली काप झाकला जातो. बाळंतीण लाजते, सासू विचारत नाही, नवरा त्या खोलीत फारसा येत नाही. असे दहा-दहा दिवस जातात आणि जखम कुणीच पाहिलेली नसते. घडीत घाम साचतो, कपडा ओला राहतो, आणि पू होतो तेव्हा आधी वास येतो.

भोकरदन तालुक्यातल्या एका खेड्यातली अशीच एक पोरगी आमच्या माहितीतली आहे. पहिलटकरीण, माहेरी आलेली. सिझर चांगले झाले, सुटी झाली, अकीकाही झाला. नवव्या-दहाव्या दिवशी कुर्ती एका जागी ओली होऊ लागली. घरच्यांनी हळद आणि गरम तेल लावले. तापाला "दुधाचा ताप" म्हटले. दवाखान्यात जायचा विषय निघाला तर उत्तर आले, "चिल्ला होऊ द्या, चाळीस दिवसांत उंबरा ओलांडायचा नाही." सोळाव्या दिवशी तिला गाडीत आडवी घालून न्यावी लागली. जखम आतून उसवली होती. ती उघडून रोज साफ करावी लागली आणि पुन्हा शिवावी लागली. अल्लाहच्या कृपेने पोरगी वाचली. पण पंधरा दिवस दवाखान्यात गेले, तिचे दूध आटले, बाळ बाटलीवर गेले. दहाव्या दिवशी ती गेली असती तर बहुधा गोळ्या आणि ड्रेसिंगवर भागले असते.

म्हणून रोज एकदा, उजेडात, आई, बहीण, नणंद किंवा नवरा यांपैकी कुणीतरी हात साबणाने धुऊन ती जखम नुसती पाहावी. हात लावायची गरज नाही. कुणी नसेल तर बाळंतिणीने आरसा धरून स्वतः पाहावी. कालच्यापेक्षा आज लाली वाढली का, सूज आली का, ओल आहे का, वास आहे का, एवढे पाहायला दोन मिनिटे लागतात.

स्वच्छ आणि कोरडी

जखमेची निगा या दोन शब्दांत येते.

डॉक्टरांनी पट्टी काढून आंघोळीची परवानगी दिली की कोमट पाण्याने रोज आंघोळ करावी. पाणी वरून वाहू द्यावे, साधा साबण हाताने हलकेच लावावा. घासणी नको, उटणे नको, मालीशवालीचा हात तिथे नको. नंतर स्वच्छ सुती कापडाने टिपून घ्यावे, पुसू नये. घडी वर उचलून दोन मिनिटे पंख्याखाली वारा लागू द्यावा आणि मगच कपडे घालावेत. टिपायचे कापड वेगळे ठेवा, रोज धुऊन कडक उन्हात वाळवा. लाजेपोटी दुसऱ्या कपड्याखाली सावलीत वाळवलेले कापड दमट राहते.

जालन्यात पाण्याची अडचण आम्हाला ठाऊक आहे. नळ कितीतरी दिवसांनी येतो, उन्हाळ्यात टँकर. पण घरातल्या पाण्यातली रोज एक बादली बाळंतिणीच्या नावाची असावी, झाकलेली. टँकरचे पाणी गढूळ असेल तर गाळून, उकळून, कोमट करून वापरा.

जखमेवर हळद, खोबरेल, राख, पावडर, मेडिकलमधून विचारून आणलेला मलम, काहीही लावू नका. हळद दुधात घ्या, जखमेवर नको. डॉक्टरांनी लिहून दिले असेल तेवढेच लावा. अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या असतील तर बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नका. "अंगावर पाजते, गोळी कशी घेऊ" ही शंका असेल तर डॉक्टरांना विचारा. पाजणाऱ्या आईला चालतील अशी औषधे असतात.

सलवारची किंवा परकराची नाडी नेमकी काप्यावर येते आणि दिवसभर घासते. दीड महिना नाडी बेंबीच्या वर बांधा किंवा सैल मॅक्सी घाला. पोटाला पट्टा बांधायचा तर डॉक्टरांना विचारून, कोरडा आणि बेताचा. गरम कापडाने करकचून पोट बांधायची रीत टाक्यांवर नको.

बाजेखाली शेगडी ठेवून शेक-धुरी द्यायचीही आपल्याकडे रीत आहे. बंद खोलीत निखाऱ्यांचा धूर आईला आणि बाळाला दोघांनाही वाईट. घामाने जखम ओली होते. काप्याभोवतीची कातडी काही महिने बधिर असते, तिथे चटका बसला तरी कळत नाही. शेगडी बाहेर ठेवा, खिडकी उघडा.

हात धुण्याबद्दलही दोन शब्द. 1847 मध्ये व्हिएन्नाच्या एका प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांनी पाहिले, की बाळंतिणी तापाने मरतात त्याचे कारण डॉक्टरांच्याच हातावर आहे. त्यांनी क्लोरीनच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले आणि मृत्यू झपाट्याने घटले. दिवसातून पाच वेळा वुजू करणाऱ्या घरांत बाळंतिणीच्या खोलीत जाण्याआधी साबणाने हात धुणे अवघड नाही. छटीला, अकीक्याला येणाऱ्या पाहुण्यांनाही नम्रपणे सांगा.

चाळीस दिवसांबद्दल दीन काय सांगतो

आता मुख्य अडचणीकडे येऊ. चिल्ला, म्हणजे चाळीस दिवस, हा शब्द आपल्या घरांत इतका मोठा झाला आहे की लोकांना वाटते, या दिवसांत दवाखान्यात जाणेसुद्धा मना आहे. तसे नाही.

हनफी फिकहनुसार चाळीस दिवस ही निफासच्या रक्ताची जास्तीत जास्त मुदत आहे. कमीत कमी अशी मुदत नाही. कोकणातल्या शाफई घरांत ती साठ दिवसांपर्यंत धरतात. रक्त आधी थांबले तर गुस्ल करून नमाज सुरू होते. ही मुदत इबादतीच्या हिशोबाची आहे, कोंडून ठेवण्याची नाही. निफासमध्ये सुटलेल्या नमाजा माफ आहेत. रोजे मात्र नंतर सोयीने पूर्ण करायचे असतात, त्याची घाई नको.

हजरत अस्मा बिन्ते उमैस (रजि.) यांची हकिकत सहीह मुस्लिममध्ये आहे. हिजरी 10 मध्ये प्रेषित मुहम्मद (स.) हजला निघाले तेव्हा वाटेत जुल-हुलैफा येथे त्या बाळंत झाल्या. त्यांनी विचारून घेतले की आता काय करू. प्रेषितांनी (स.) त्यांना गुस्ल करून, कपडा बांधून, इहराम बांधायला सांगितले, आणि त्या काफिल्यासोबत पुढे गेल्या. सिझरवालीने प्रवासाला निघावे असे आम्ही म्हणत नाही. पण बाळंतिणीने उंबरा ओलांडणे हे पाप असते तर ही हकिकत घडली नसती. मग जीव वाचवायला दवाखान्यात जाणे कसे मना असेल?

दुसरी रिवायत अबू दाऊदमध्ये हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून आली आहे. प्रवासात एका माणसाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. त्याच्यावर गुस्ल वाजिब झाला. त्याने सोबत्यांना विचारले, मला तयम्मुमची सवलत आहे का? ते म्हणाले, पाणी असताना नाही. त्याने गुस्ल केला आणि तो मरण पावला. प्रेषितांना (स.) हे कळले तेव्हा ते फार नाराज झाले. ठाऊक नव्हते तर विचारले का नाही, असे त्यांनी बजावले. त्या माणसाला तयम्मुम पुरेसा होता, हेही सांगितले.

जखमी माणसाला अज्ञानाने कडक नियम सांगणे किती गंभीर आहे, हे यातून दिसते. म्हणून सिझरवालीने हे लक्षात ठेवावे. जखमेला पाणी लावायला मना असेल तर बाकी अंग धुऊन पट्टीवर ओला हात फिरवावा, म्हणजे मसह करावा. तेवढ्यानेही नुकसान होत असेल तर तेही सोडावे. डॉक्टरांनी आंघोळच मना केली असेल तर तयम्मुम आहे. नमाज सुरू झाल्यावर रुकू-सजद्यात टाके ओढत असतील तर बसून, इशाऱ्याने अदा करता येते. आपल्या बाबतीत शंका असेल तर मशिदीतल्या मुफ्तीसाहेबांना घरच्या माणसाकरवी विचारून घ्या.

राहिला पर्द्याचा प्रश्न. लेडी डॉक्टर किंवा सिस्टर मागून घ्या. नसतील तर गरजेपुरते पुरुष डॉक्टरांना दाखवायची शरीयतमध्ये मुभा आहे. जखम लपवणे हा पर्दा नाही.

उठणे, चालणे, उचलणे

चाळीस दिवस आराम, ही आपली जुनी रीत मात्र जपण्यासारखी आहे. फक्त आराम म्हणजे झोपून राहणे नव्हे. दवाखान्यातच पहिल्या दिवसाच्या आत-बाहेर उठवून चालवतात. त्याने पायांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका कमी होतो आणि पोटातला वारा सरतो. घरीही खोलीत, अंगणात हळूहळू चालावे.

उठताना सरळ उठून बसू नका. आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हाताच्या जोरावर उठा. झोळ पडलेल्या बाजेपेक्षा टणक पलंग बरा. खोकला किंवा शिंक आली तर जखमेवर उशी दाबून धरा. बाळाला पाजताना ते पोटावर न घेता काखेखाली उशीवर धरा, किंवा कुशीवर झोपून पाजा.

दीड महिना बाळापेक्षा जड काही उचलू नये. हंडा, ओली कपड्यांची बादली, गॅसची टाकी, थोरले मूल, काहीच नाही. हे वाक्य घरातल्या पुरुषांनी पुन्हा वाचावे. टँकर आला की धावायचे काम त्यांचे आहे. कापूस वेचणीचे दिवस असोत की ऊसतोडीचा मुकादम दारात उभा असो, हिला एवढे दिवस सोडा. "सिझरवाली काय, कळा कुठे सोसल्या" असे टोमणे मारणाऱ्यांनी वरचे थर पुन्हा मोजावेत.

काय खावे

"आंबट खाल्ले तर टाके पिकतात, पाणी प्याले तर पोट सुटते" असे घरोघर ऐकू येते. टाके पिकतात ते जंतूंमुळे, आंबटामुळे नाही. जखम भरायला प्रथिने लागतात आणि क जीवनसत्त्व लागते. अंडी, डाळ, यखनी, मासे, दही, शेंगदाणे, पालेभाजी हे रोजचे जेवण असावे. आपल्या जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, ती देशभर जाते, आणि आपल्याच बाळंतिणीला मात्र "थंड" म्हणून देत नाहीत! मोसंबी द्या, आवळा द्या, डाळीवर लिंबू पिळा.

अछवानी, हरीरा, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर जरूर द्या, पण जेवणाच्या जागी नको. तुपाचा मारा करून भाजी-फळ बंद केले की शौचाला कडक होते, कुंथावे लागते आणि टाक्यांवर ताण येतो. पाणी भरपूर प्यावे. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतर 180 दिवस घ्यायच्या असतात. दोन्ही एकाच वेळी घेऊ नका. साखरेचा आजार असेल किंवा अंगात रक्त कमी असेल तर जखम हळू भरते, अशा बहिणींनी जास्त सांभाळावे.

हक्काच्या सोयी

सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम 2011 पासून आहे. त्यात सिझर, औषधे, तपासण्या, लागले तर रक्त, सिझरनंतर सात दिवसांपर्यंत जेवण आणि घरी सोडायची गाडी मोफत आहे. जालना शहरात गांधी चमनचे स्त्री रुग्णालय आहे, अंबडला उपजिल्हा रुग्णालय आहे, तालुक्यांना ग्रामीण रुग्णालये आहेत. गाडीसाठी 102, तातडीला 108.

सिझर झालेल्या आईकडे आशाताईंनी 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी यायचे असते. त्या आल्या की फक्त बाळाचे वजन करून पाठवू नका. त्यांना जखम दाखवा. खासगीत सिझर झाले असले तरी आशाताईंना कळवा.

पुढच्या बाळाची घाई नको. आतली शिवण पक्की व्हायला वेळ लागतो, म्हणून पुढचा गरोदरपणा निदान दोन वर्षांनी असावा असे डॉक्टर सांगतात. कुरआनात दूध पाजण्याची पूर्ण मुदतही दोन वर्षेच सांगितली आहे. यासाठी काय उपाय करावा, हे नवरा-बायकोने मिळून डॉक्टरांना विचारावे.

हे कापून कपाटाच्या दाराला लावा

काप्याजवळ खाज सुटणे, बधिर वाटणे, कडेला अधूनमधून टोचणे, हे बहुधा साधे असते. दुखणे रोज थोडे कमी व्हायला हवे. पण पुढीलपैकी काहीही दिसले तर चिल्ला, मुहूर्त, पाहुणे काही न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा:

– ताप 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त, थंडी वाजून येणे
– जखमेभोवती लाली, गरमपणा, सूज वाढत जाणे
– पू, घाण वास, कपडा ओला होणे, टाका उसवणे
– दुखणे कमी होण्याऐवजी वाढणे
– अंगावरून घाण वासाचे जाणे
– लघवीला जळजळ किंवा लघवी न होणे

आणि पुढीलपैकी काही असेल तर त्याच क्षणी 108 ला फोन करा:

– तासाभरात एक पॅड पूर्ण भिजेल इतके रक्त जाणे
– एका पायाची पोटरी सुजणे, दुखणे
– धाप लागणे, छातीत दुखणे
– जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटका

बाळंतीण सारखी रडते, बाळाकडे बघत नाही, झोप उडाली आहे, असे दोन आठवड्यांपेक्षा जास्त चालले तर नजर उतरवून थांबू नका, तेही डॉक्टरांना सांगा. जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलली तर एक क्षणही एकटी सोडू नका, लगेच न्या.

ज्या घरात या महिन्यात पाळणा हलणार आहे, तिथे हा अंक सासूबाईंच्या हाती द्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. अल्लाह प्रत्येक आईला शिफा देवो आणि तिच्या बाळाला तिच्या दुधावर, तिच्या मांडीवर वाढवो. आमीन.